सोसायटीतलं आणि बंगल्यातलं पार्किंग: मंजूर नकाशापासून चिठ्ठ्यांपर्यंत

सोसायटीत पार्किंगवरून भांडण पेटलं की सगळे ‘ही जागा कोणाची’ यावर येतात. त्याच्या आधीचा प्रश्न कोणी विचारत नाही: मंजूर नकाशात ही जागा पार्किंग म्हणून दाखवली आहे का? दाखवली नसेल, तर ती द्यायचा अधिकार बिल्डरला नाही, कमिटीला नाही आणि सर्वसाधारण सभेलाही नाही. दाखवली असेल, तर ती कोणाला, किती काळ, कोणत्या अटीवर द्यायची याची पद्धत ठरलेली आहे. हा लेख त्या पद्धतीचा आहे. त्यातला मोठा भाग महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांबद्दल आणि थोडा भाग स्वतःच्या प्लॉटवर गाडी उभी करणाऱ्यांबद्दल आहे.

आधी नियम कोणता ते ठरवा

मुंबई महापालिकेच्या हद्दीत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ चालते. नावात २०३४ असलं तरी ती २०१८ साली मंजूर झाली. सगळे तिला डीसीपीआर म्हणतात. पुणे, नाशिक, नागपूर, ठाणे, कोल्हापूर आणि राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांमध्ये डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर लागू आहे. एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचा भाग), पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं आणि थंड हवेची काही ठिकाणं तिच्यातून वगळली आहेत. तिथे त्या-त्या प्राधिकरणाचे नियम पाहावे लागतात.

नव्या इमारतीला किती पार्किंग लागतं, याचा साधारण अंदाज असा. यूडीसीपीआरमध्ये १५० चौरस मीटर किंवा जास्त कार्पेटच्या सदनिकेला दोन गाड्या, ८० ते १५० च्या सदनिकेला एक गाडी, आणि ४० ते ८० च्या दोन सदनिकांमिळून एक गाडी. स्कूटरच्या जागा वेगळ्या. या आकड्याला शहराच्या वर्गानुसार गुणक लागतो, म्हणून पुण्याचा हिशेब लहान नगरपालिकेला तसाच लावू नका. मुंबईत ४५ चौरस मीटरपर्यंतच्या चार सदनिकांमागे एक, ४५ ते ६० च्या दोन सदनिकांमागे एक, ६० ते ९० ला प्रत्येकी एक आणि ९० च्या वर प्रत्येकी दोन.

इथे एक मोठा गैरसमज होतो. हे आकडे नव्या परवानगीसाठी आहेत. तुमची इमारत १९८५ ची असेल, सदनिका चाळीस आणि पार्किंग आठ असेल, तर सोसायटी कोणताही नियम मोडत नाही. त्या काळच्या नियमांप्रमाणे मंजूर झालेला नकाशाच तिचा नियम. ‘आता कायदा प्रत्येकाला एक पार्किंग देतो’ असं सभेत कोणी सांगितलं, तर तो युक्तिवाद टिकत नाही. पुनर्विकासाच्या वेळी मात्र नवे आकडे लागतात.

मंजूर नकाशा मिळवा

लागणारी कागदपत्रं तीन: मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला हरकत नाही असं पालिकेचं पत्र) आणि त्याला जोडलेला पूर्णत्वाचा नकाशा. बांधकामादरम्यान नकाशा दोन-तीनदा सुधारून घेतलेला असतो. त्यामुळे पहिला नकाशा धरून भांडू नका, भोगवटा प्रमाणपत्राला जोडलेला शेवटचा नकाशा धरा. बिल्डरच्या विक्रीच्या पुस्तिकेतल्या रंगीत चित्राला इथे काही किंमत नाही.

पहिल्यांदा सोसायटीच्या दप्तरात शोधा. तिथे नसेल तर महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात किंवा नगरपालिकेच्या नगररचना शाखेत प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. अर्जात सर्वे क्रमांक किंवा सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक, बांधकाम परवानगीचा क्रमांक आणि वर्ष लिहा. नुसतं इमारतीचं नाव दिलं तर फाईल सापडत नाही, कारण मंजुरीच्या वेळी इमारतीला नावच नसतं. परवानगीचा क्रमांक तुमच्या खरेदीखतात किंवा करारनाम्यात असतो. तरीही दाद मिळाली नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. ‘अमुक क्रमांकाच्या मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत व भोगवटा प्रमाणपत्राची प्रत द्यावी’ एवढंच मागा. ‘पार्किंग बेकायदा आहे का?’ असा प्रश्न विचारलात तर ‘ही माहिती नसून मत आहे’ असं उत्तर येतं आणि महिना फुकट जातो.

नकाशा हातात आला की तळमजल्याचा आराखडा पाहा. पार्किंगच्या जागा चौकोन काढून, क्रमांक घालून दाखवलेल्या असतात. बाजूच्या तक्त्यात ‘आवश्यक’ आणि ‘प्रस्तावित’ असे दोन रकाने असतात. मोजायचा तो प्रस्तावित रकाना. स्टिल्ट (इमारतीखालची खांबांमधली मोकळी जागा), पोडियम (पायथ्याचा उंचावलेला मजला), बेसमेंट आणि उघडी जागा वेगवेगळ्या लिहून काढा, कारण पुढे प्रत्येकीचा कायदा वेगळा आहे. पाहुण्यांसाठी दाखवलेल्या जागा असतील तर त्यावर खूण करा. त्या सदस्याला कायमच्या देता येत नाहीत.

टेप घेऊन खाली उतरा

यूडीसीपीआरमध्ये चारचाकीची जागा २.५ बाय ५ मीटर आणि स्कूटरची १ बाय २ मीटर धरलेली आहे. बऱ्याच नकाशांत काही जागा २.३ बाय ४.५ च्या, म्हणजे लहान गाड्यांच्या असतात. गाडी आतबाहेर काढायची वाट या मापात धरलेली नाही. ती वेगळी सोडावी लागते.

दोघांनी मिळून पाच मीटरचा टेप आणि खडू घेऊन जा. खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजू नका, तो आकडा नकाशाचा झाला. खांबाच्या गिलाव्यापासून पुढच्या खांबाच्या गिलाव्यापर्यंत मोजा. तुळईखालची उंचीही घ्या, कारण मागाहून लटकवलेले ड्रेनेजचे पाइप आणि केबलचे ट्रे तिथेच येतात. २.४ मीटरच्या स्टिल्टमध्ये पाइप १.९ वर आला, तर छतावर कॅरिअर असलेली गाडी अडकते.

समजा दोन खांबांमध्ये ४.७ मीटर मोकळे आहेत. कागदावर २.३ च्या दोन जागा बसतात. प्रत्यक्षात दोन टाटा नेक्सॉन गाड्या आल्या तर प्रत्येकी १.८ मीटर, म्हणजे ३.६ गेले आणि १.१ मीटर उरला. तो तीन फटींत सारखा वाटला तर प्रत्येकी छत्तीस-सदतीस सेंटिमीटर येतात, आणि एवढ्यात धडधाकट माणसाला दारातून उतरता येत नाही. इथे एक साधी युक्ती चालते. डावीकडची गाडी तोंड आत करून आणि उजवीकडची मागे घेत लावायची. दोघांची चालकाची दारं मधल्या फटीत उघडतात. दोन्ही गाड्या खांबाकडे पंधरा सेंटिमीटर ठेवून चिकटवल्या, आरसे मिटवले आणि बाकीची माणसं आधीच उतरवली, की मधे जवळजवळ ८० सेंटिमीटर मिळतात. हे दोन शेजाऱ्यांनी ठरवून फरशीवर रंगाने बाण काढून ठेवलं, तर दारावरच्या ओरखड्यांची भांडणं होतच नाहीत.

मोठ्या गाड्यांचं गणित वेगळं. इनोव्हा क्रिस्टा ४.७३ मीटर लांब आहे. ४.५ च्या जागेत ती जवळजवळ एक वीत बाहेर राहते आणि वाट अडवते. स्कॉर्पिओ-एन आरसे न धरता १.९ मीटरपेक्षा रुंद आहे, त्यामुळे २.३ च्या जागेत तिच्या दोन्ही बाजूंना मिळून चाळीस सेंटिमीटरही उरत नाहीत. म्हणून वाटपाच्या आधीच जागांची ‘लहान’ आणि ‘मोठी’ अशी यादी करा. अर्जात गाडीचं मॉडेल मागा. गाडी बदलली तर कळवणं बंधनकारक ठेवा. नंतर ‘मला दिलेल्या जागेत माझी गाडी बसत नाही’ ही तक्रार येणारच असते, तेव्हा यादीवर बोट ठेवता येतं.

मोजताना या चार गोष्टींपुढे लाल खूण करा: मीटर रूमचं दार, जिन्याचं तोंड, पाण्याच्या टाकीचं झाकण, आणि अग्निशमनाची वाट. उंच इमारतीभोवती बंबासाठी साधारण ६ मीटरची वाट मोकळी ठेवावी लागते. तिथे पांढरे पट्टे मारून चार गाड्या वाढवणं हा सोसायट्यांचा आवडता उपाय आहे. तो कोणत्याही ठरावाने कायदेशीर होत नाही. सातव्या मजल्यावर आग लागली आणि बंबाची शिडी उभी करायला जागा नसली, तर तो पट्टा कोणी मारला हा प्रश्न कमिटीलाच विचारला जाईल. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे सोसायटीला जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून प्रपत्र ब (आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) घ्यावं लागतं. त्या तपासणीच्या दिवशी ही वाटही दाखवून घ्या.

जागा विकता येते का?

३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या मुंबईतल्या दहिसरच्या प्रकरणात निकाल दिला. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याखाली स्टिल्टमधली पार्किंगची जागा ही ‘गॅरेज’ नाही आणि ‘फ्लॅट’ही नाही. ती सामाईक जागा आहे आणि बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. त्यामुळे जुन्या इमारतींमध्ये बिल्डरच्या लेटरहेडवर ‘स्टिल्ट क्रमांक ७ आपणास विकला’ असं लिहिलेलं पत्र सोसायटीवर बंधनकारक नाही. पैसे बिल्डरने घेतलेत, परतावा मागायचा तो त्याच्याकडे. सोसायटीकडे नाही. हे कटू आहे, कारण सदस्याने खरोखर दोन-तीन लाख मोजलेले असतात. पण ज्याच्याकडे पत्र नाही, त्याचाही त्या सामाईक जागेवर तेवढाच हक्क आहे.

२०१७ पासून रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायदा आला आणि चित्र थोडं बदललं. रेरामध्ये उघडं पार्किंग सामाईक जागेत धरलं आहे, ते विकता येत नाही. गॅरेज म्हणजे छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा. ते विकता येतं. महाराष्ट्राच्या नियमांत ‘आच्छादित पार्किंग’ हा तिसरा प्रकार आहे. स्टिल्ट, पोडियम, बेसमेंट किंवा यांत्रिक पार्किंगमधली मंजूर जागा त्यात येते, आणि महारेराने (रेराखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने) २०२१ च्या परिपत्रकात ती मोबदला घेऊन देता येते असं स्पष्ट केलं. २०२४ पासून विक्री कराराच्या जोडपत्रात जागेचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि नेमकं ठिकाण लिहावं लागतं.

नवा फ्लॅट घेताना करारावर सही करण्यापूर्वी हे जोडपत्र घेऊन साइटवर जा आणि खांब मोजून पाहा. यांत्रिक पार्किंग, म्हणजे गाड्या यंत्राने एकावर एक ठेवायची सोय असेल तर खालच्या आणि वरच्या तबकाची उंची व वजनाची मर्यादा लेखी मागा. खालच्या तबकावर उंच एसयूव्ही मावत नाही, हे ताबा घेतल्यावर कळून उपयोग नाही. वीज गेल्यावर वरची गाडी खाली कशी येणार, तेही विचारा. बिल्डरने करारातली जागा दिली नाही तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. शुल्क ५,००० रुपये.

रेरा करारातून आच्छादित जागा घेतलेल्या सदस्यांच्या जागा चिठ्ठीत टाकू नका. उरलेल्या जागांचंच वाटप करा.

वाटप: आधी अर्ज, मग सभा, मग चिठ्ठ्या

आदर्श उपविधींमध्ये (सोसायटीच्या कारभारासाठी सरकारने दिलेल्या नमुना नियमांत) पार्किंगचे नियम साधारण ७८ ते ८५ या क्रमांकांत आहेत. तुमच्या सोसायटीने कोणत्या वर्षीचे उपविधी स्वीकारले त्यावर क्रमांक मागेपुढे होतात, म्हणून नोटिशीत क्रमांक टाकण्यापूर्वी स्वतःची नोंदणीकृत प्रत उघडा. सार असं: गाडी असलेला सदस्य पात्र. गाडी त्याच्या नावाची, तो नोकरी करतो त्या संस्थेने दिलेली, किंवा तो भागीदार वा संचालक असलेल्या कंपनीची चालते. सहसा एका सदस्याला एकच जागा. जागा उरल्या तर दुसरी देता येते, पण ती वर्षाच्या मुदतीवर, आणि एकही जागा नसलेला सदस्य आला की ती सोडावी लागते. अर्जदार जास्त आणि जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकायच्या.

प्रत्यक्षात असं करा:

१. सूचना फलकावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अर्ज मागवा. मुदत पंधरा दिवस ठेवा. अर्जासोबत आरसीची प्रत घ्या. आरसीवर सदस्याचं नाव नसेल तर नातं किंवा कंपनीचं पत्र मागा.

२. पात्र आणि अपात्र यादी कारणांसह लावा. ‘अपात्र’ एवढंच लिहिलं तर तो सदस्य सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जातो आणि तिथे तुमच्याकडे उत्तर नसतं.

३. सर्वसाधारण सभेत वाटपाचे निकष, शुल्क आणि चिठ्ठीची मुदत ठरवा. वार्षिक सभेला १४ पूर्ण दिवसांची सूचना लागते, विशेष सभेला ५ दिवसांची. गणपूर्ती एकूण सदस्यांच्या दोन-तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जे कमी असेल ते. विषयपत्रिकेत ‘पार्किंग वाटप व शुल्क’ हा विषय स्पष्ट हवा. ‘आयत्या वेळचे विषय’ यात पार्किंगचा ठराव घेतला तर तो पहिल्याच आव्हानात पडतो.

४. चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या कापा, एकसारख्या घड्या घाला आणि पारदर्शक बरणीत टाका. लहान आणि मोठ्या जागांच्या बरण्या वेगळ्या. चिठ्ठी सोसायटीतल्या एखाद्या लहान मुलाला काढायला सांगा. जागा संपल्या तरी थांबू नका, शेवटच्या चिठ्ठीपर्यंत काढा. जागेनंतरचा क्रम म्हणजेच प्रतीक्षा यादी. वर्षात एखादी जागा सुटली की पुन्हा भांडायचं कारण राहत नाही. सगळं मोबाइलवर चित्रित करा.

५. प्रत्येकाला वाटपाचं पत्र द्या. त्यात जागेचा क्रमांक, माप, गाडीचा क्रमांक, मुदत आणि ‘ही वापराची परवानगी असून मालकी नाही’ हे वाक्य असू द्या.

ठरावाचा मसुदा असा चालतो: ‘मंजूर नकाशात दर्शविलेल्या १८ आच्छादित व ६ उघड्या जागांपैकी रेरा करारान्वये दिलेल्या ५ जागा वगळता उर्वरित १९ जागांचे वाटप पात्र २७ अर्जदारांमध्ये सोडतीने १ एप्रिल ते ३१ मार्च या कालावधीसाठी करण्यात यावे. वरील कालावधीत जागा न मिळालेल्या ८ सदस्यांना पुढील सोडतीत प्राधान्य देण्यात यावे. सूचक… अनुमोदक… ठराव सर्वानुमते / बहुमताने मंजूर.’ बहुमताने असेल तर बाजूने किती आणि विरुद्ध किती, तेही लिहा. यातलं प्राधान्याचं वाक्य महत्त्वाचं आहे. निव्वळ नशिबावर सोडलं तर एखाद्याला सलग तीन वर्षं जागा मिळत नाही, आणि त्याचा राग पद्धतीवर जातो.

शुल्क सर्वसाधारण सभा ठरवते. जागा घेतली की गाडी उभी करा अथवा नका करू, शुल्क द्यावं लागतं. स्कूटर, मोटरसायकल आणि रिक्षा यांनाही कमिटीची परवानगी व शुल्क लागतं. दुचाकींची नोंद बहुतेक सोसायट्या ठेवत नाहीत आणि स्टिल्टची अर्धी अडचण त्यातूनच होते. घरटी एक दुचाकी मोफत, दुसरीला शुल्क, तिसरीला जास्त शुल्क, असा चढता दर लावला की वापरात नसलेल्या गाड्या आपोआप बाहेर जातात.

फ्लॅट विकला की सोसायटीने दिलेली जागा सोसायटीकडे परत येते. ती नव्या मालकाला ‘सोबत’ जात नाही आणि शेजाऱ्याला विकताही येत नाही. विक्रीच्या ना-हरकत पत्रात हे एक वाक्य टाकायला चिटणीसांनी विसरू नये, कारण दलाल फ्लॅटची जाहिरात ‘पार्किंगसह’ करतो आणि नवा सदस्य पहिल्याच दिवशी हक्क सांगत येतो. भाडेकरूला सदस्याच्याच जागेवर गाडी लावता येते. लिव्ह अँड लायसन्स करारात जागेचा क्रमांक आणि गाडीचा नंबर लिहून घ्या.

बंद केलेला स्टिल्ट, पडून राहिलेली गाडी, अडवलेलं गेट

स्टिल्टला शटर लावून ऑफिस, क्लास किंवा गोडाऊन करणं म्हणजे वापरात बदल. बहुतेक वेळा ते एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम चालतं त्याची मर्यादा) मोडणारं बांधकामही ठरतं. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली महापालिका नोटीस देऊन ते काढायला लावू शकते. सोसायटीने आधी स्वतः लेखी नोटीस द्यावी, मग मंजूर नकाशाची प्रत आणि तारखेसह फोटो जोडून प्रभाग कार्यालयाकडे तक्रार करावी. फोटोत शटरसोबत इमारतीच्या नावाची पाटी येईल असा एक तरी घ्या. नुसत्या शटरचा फोटो कोणत्याही इमारतीचा असू शकतो.

पडून राहिलेल्या गाडीबाबत घाई करू नका. चाकांची हवा सोडणं, जॅमर लावणं, ढकलून रस्त्यावर नेणं या तिन्हींत तक्रार उलट तुमच्यावर येते. परिवहनच्या अ‍ॅपवर क्रमांक टाकून नोंदणीची स्थिती पाहा. सदस्याला नोंदणीकृत टपालाने पंधरा दिवसांची नोटीस पाठवा आणि तीच नोटीस गाडीच्या काचेवर चिकटवून फोटो काढा. मालक सापडत नसेल तर पोलीस ठाण्यात ‘बेवारस वाहन’ म्हणून लेखी पत्र देऊन पोच घ्या.

गेटबाहेरचा रस्ता सोसायटीचा नाही. तिथे ‘फक्त सदस्यांसाठी’ अशी पाटी, कुंड्या, टायर किंवा साखळी लावता येत नाही. मात्र कोणाच्याही प्रवेशद्वारासमोर गाडी लावून वाट अडवणं वाहतूक नियमांनुसार चूकच आहे, आणि त्यासाठी वाहतूक पोलिसांना बोलावता येतं. स्वतःची ‘नो पार्किंग’ पाटी रंगवली म्हणून तो विभाग नो पार्किंग होत नाही. ते अधिसूचनेने ठरतं.

तक्रार कुठे करायची यात लोक फार वेळ घालवतात. पार्किंग वाटपाबद्दल सदस्य आणि सोसायटीत वाद असेल तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय. बिल्डरशी असेल तर महारेरा, ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय. बेकायदा बांधकाम असेल तर महापालिका. कागदपत्रं मिळत नाहीत, सभा होत नाही, अशी तक्रार असेल तर उपनिबंधक. दमदाटी आणि मारहाण पोलिसांकडे. उपनिबंधकांकडे ‘मला अमुक जागा मिळवून द्या’ असा अर्ज केला, तर तो बहुतेक वेळा सहकार न्यायालयाचा रस्ता दाखवून परत येतो. मधले सहा महिने जातात.

स्वतःच्या प्लॉटवर

बंगल्याच्या आवारात, समासातल्या (इमारतीभोवती सोडलेल्या) मोकळ्या जागेत गाडी उभी करायला अडचण नसते. अडचण छपरापासून सुरू होते. पाइप रोवून पत्रा टाकला की ते बांधकाम. शेजाऱ्याने तक्रार केली तर ‘तात्पुरतं आहे’ हे उत्तर पुरत नाही. शेड किंवा गॅरेज बांधायचं असेल तर नोंदणीकृत वास्तुविशारदाकडून छोटा नकाशा करून परवानगी घ्या. गॅरेजचं आतलं माप २.५ बाय ५ मीटरपेक्षा आणि उंची २.४ मीटरपेक्षा कमी ठेवू नका. एन.ए. (बिगरशेती) लेआउटमधल्या प्लॉटला लेआउटच्या स्वतःच्या अटीही असतात, त्या मंजुरीच्या आदेशात वाचा.

उतार प्लॉटच्या आतच संपला पाहिजे. फुटपाथवर किंवा गटारावर काढलेला सिमेंटचा उतार पालिका तोडते, आणि तोपर्यंत पावसाचं पाणी अडवून तोच शेजाऱ्याच्या दारात तळं करतो. हिशेब साधा आहे. रस्ता आणि आवार यांत ४५ सेंटिमीटरचा फरक असेल, तर तीन मीटरच्या उतारावर चढ जवळजवळ १ ला ७ पडतो आणि सेडानचं पोट घासतं. १ ला १० साठी साडेचार मीटर लांबी लागते. तेवढी मिळत नसेल तर उताराच्या वरच्या आणि खालच्या टोकाला अर्धा-पाऊण मीटरचा सौम्य टप्पा द्या. घासायचं ते टोकांनाच घासतं. गटारावर पक्की लादी ओतू नका. उचलता येणारी झाकणं बसवा, नाहीतर गाळ काढायला आलेले कामगार ती फोडूनच जातात.

गाडीच्या खाली भूमिगत टाकी किंवा सेप्टिक टँक येत असेल तर झाकण पाहा. बाजारातलं हलकं झाकण एलडी-२.५ श्रेणीचं असतं, ते माणसाच्या चालण्यापुरतं. गाडी जाते तिथे किमान एमडी-१० लावा, आणि टाकीचा स्लॅब मुळात गाडीच्या वजनासाठी होता का, हे अभियंत्याला विचारून घ्या. दीड टनाच्या गाडीचं एक चाक चारशे किलोच्या आसपास भार टाकतं, तोही तळहाताएवढ्या जागेवर. सगळं आवार सिमेंटने लिंपण्यापेक्षा चाकांच्या दोन पट्ट्या पक्क्या करून मधे गवताचे पेव्हर बसवले तर पाणी मुरतं.

रहिवासी क्षेत्रात टेम्पो, ट्रक किंवा जेसीबीचा तळ करता येत नाही. स्वतःचा एखादा लहान टेम्पो रात्री आत उभा राहण्यावर सहसा कोणी बोट ठेवत नाही. पण चार गाड्या, ड्रायव्हरची खोली आणि डिझेलचे कॅन जमले की तो व्यवसाय झाला.

घरी विजेची गाडी चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे घरचीच जोडणी वापरता येते. सोसायटीत फक्त एवढं पाहा: स्वतःच्या मीटरपासून स्वतंत्र केबल, योग्य क्षमतेचा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), गळती ओळखणारा आरसीसीबी आणि अर्थिंग. केबल स्टिल्टच्या फरशीवरून ओढत नेऊ नका, छताला लावलेल्या ट्रेमधून न्या. मंजूर भार पुरत नसेल तर वीज कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करा. जिन्यातल्या सामाईक सॉकेटवरून चार्जिंग कोणालाही देऊ नका.